सोबत उशी आणावी

धाकटीच्या जाहिरातीत सुरुवातीला फक्त एक लिफ्ट होती. लिफ्टचं दार उघडं होतं आणि आत माणसांऐवजी धुकं उभं होतं, पहाटे तळ्यावर असतं तसं, निळसर आणि दाट. खाली बारीक अक्षरांत ‘मधले मजले : आठ धुना’ एवढंच लिहिलेलं. तो कागद समोर धरून ती जेवणाच्या टेबलाशी इतका वेळ बसली, की आईने शेवटी तिच्या कोपरांच्या कडेकडेने टेबल पुसून घेतलं.

धुना मामाच्या होत्या. मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या लिफ्टच्या छतावर, वर अंधार आणि खाली अंधार अशा जागी बसलं की त्याला सूर सुचायचे. पंचवीस वर्षांत आठ धुना जमल्या. जी ज्या मजल्यावर सुचली, त्या मजल्याचं तिला नाव. एका मित्राच्या गॅरेजमध्ये त्यांचं रेकॉर्डिंग झालं होतं, आणि आता शनिवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये मामा त्या व्हायोलिनवर वाजवणार होता. मागे एकदा वाजवलं तेव्हा सहा श्रोते आले होते. त्यांतले चार घरचे, पाचवा कुलूप लावायला थांबलेला आणि सहावी एक बाई, जी पत्ता चुकली होती पण भिडेखातर बसून राहिली. त्या सहाजणांच्या नजरेनेसुद्धा मामाचा हात कापायला लागला, म्हणून त्याने सगळा वेळ डोळे मिटून वाजवलं.

धाकटी जाहिरात-रचना शिकत होती. वर्गाला कामच असं होतं, की एखाद्या संगीताची जाहिरात करायची. सगळ्यांत चांगली जाहिरात गावातल्या मोफत साप्ताहिकात अर्धं पान छापून येणार होती आणि ठिकठिकाणी लावली जाणार होती. मात्र मॅडमची एक अट होती.

“पंधरा माणसांना दाखवायची,” मॅडम म्हणाल्या. “ते काय म्हणतात ते लिहून घ्यायचं आणि त्याप्रमाणे सुधारायचं. तुम्हाला काय वाटतं त्याला अर्थ नाही. बघणाऱ्याला काय दिसतं, तेवढंच खरं.”

ऐकावे जनाचे, करावे मनाचे असं जुनी माणसं सांगून गेली आहेत. पण धाकटीचा स्वभाव असा, की जनाचं ऐकता ऐकता मनाला काय हवं होतं तेच ती विसरायची. वही घेऊन ती निघाली.

पहिली वर्गातली मैत्रीण. तिने कागद लांब धरला, जवळ धरला. “लिफ्ट विकायची आहे का?”

धाकटीने घरी येऊन लिफ्ट काढली. धुकं राहिलं. चौकट गेल्यावर ते मोकळं होऊन कागदभर पसरलं.

शेजारच्या दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घेणारी बाई म्हणाली, “छान आहे गं. पण या निळ्याने हुडहुडी भरते.” निळं गेलं, सायीसारखं पिवळसर पांढरं आलं. आता धुक्याचा ढग झाला, आणि ढगसुद्धा असा, की अंग टाकावंसं वाटावं.

आई म्हणाली, “यात माणूस कुठाय? अगं, तुझ्या मामाचा फोटो घाल. माझ्या भावाला कोणी ओळखायला नको?”

मामाचा वाजवतानाचा एकच फोटो होता आणि त्यात अर्थातच त्याचे डोळे मिटलेले होते. तोंडही जरा उघडं होतं. धाकटीने त्याला ढगात ठेवलं. तो तिथे इतका शोभला, की तिलाही नवल वाटलं.

“हातात काठी कशाला घेतलीये यांनी?” दूधवाल्याने विचारलं. फोटोत व्हायोलिनचा गज तेवढा दिसत होता, व्हायोलिन पुढे बसलेल्या बाबांच्या खांद्यामागे गेलं होतं. “मारणार आहेत का कोणाला?”

गज कापला. आता खांद्यांपासून वरचा मामा उरला.

‘मधले मजले’ या नावाने तर घोटाळाच केला. नऊजणांनी विचारलं, की फ्लॅट केवढ्याला आहेत. एका गृहस्थांना शेवटचा मजलाच हवा होता, तेवढ्यावरून ते धाकटीशी वाद घालत बसले. तिने नाव अगदी लहान करून खालच्या कोपऱ्यात नेलं. मग मोठ्या अक्षरांत लिहायचं काय, हा प्रश्न आला. ती प्रामाणिक मुलगी. तिने पंधराही जणांच्या कानाला हेडफोन लावून तिसऱ्या मजल्याची धून ऐकवली आणि काय वाटलं ते विचारलं. अकराजणांनी सांगितलं की डोळे मिटावेसे वाटले. न्हाव्याने तर सांगितलंच नाही, तो खुर्चीत मिटलाच. तेव्हा वर ठळक अक्षरांत ओळ आली : ‘डोळे मिटा. शांत व्हा.’

“दिवस, वेळ, जागा?” बाबा म्हणाले. “त्याशिवाय कोण येणार, आकाशातले पक्षी?” तीही ओळ आली.

पंधरावी वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारी आजी. तिने चष्मा पुसून सगळं नीट वाचलं. “बाळा, त्या हॉलमधल्या खुर्च्या म्हणजे शिक्षा आहे. बसायला काहीतरी आणा म्हणून लिही.”

धाकटीने लिहिलं, ‘बसण्यासाठी सोबत उशी आणावी.’ ओळ मावेना. अक्षरं लहान केली तर शेजारच्या काकांना ती दिसत नव्हती, तसं त्यांनी आधीच वहीत लिहून दिलं होतं. म्हणून ‘बसण्यासाठी’ तेवढं काढलं.

मॅडमना जाहिरात फार आवडली. “प्रत्येक सूचना वापरलीस. असं कोणी करत नाही,” त्या म्हणाल्या, आणि धाकटीला पैकीच्या पैकी गुण देऊन त्यांनी ती साप्ताहिकाकडे पाठवली.

ती छापून आली त्या दुपारी धाकटी तरंगतच घरी निघाली होती. औषधांच्या दुकानाच्या काचेवर तिला तिची जाहिरात दिसली. एका बाजूला खोकल्याच्या औषधाची जाहिरात होती, दुसऱ्या बाजूला पाठदुखीच्या पट्ट्याची, आणि मधोमध ढगात मामा गाढ झोपला होता.

“या डॉक्टरांकडे आधी नाव द्यावं लागतं का हो?” काउंटरशी उभ्या असलेल्या गृहस्थांनी दुकानदाराला विचारलं.

“नाही लिहिलंय तसं. थेट जा,” दुकानदार म्हणाला. “सकाळपासून तुम्ही सातवे. उशी मात्र आपली न्यायची.”

धाकटी काचेसमोर उभी राहिली. आपण केलेली जाहिरात तिने पहिल्यांदाच बघणाऱ्याच्या नजरेने पाहिली, आणि घरी न जाता ती थेट मामाला गाठायला निघाली.

मामा एका जुन्या इमारतीत काम करत होता. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं. धाकटीने आत वाकून हाक मारली, तेव्हा खाली, अंधारात, त्याच्या कपाळावरचा दिवा वर वळला.

“मामा, जाहिरात चुकली.”

“छापली नाही?”

“छापली. लोक येणार आहेत.”

“किती?”

“खूप. पण चुकीचे.”

“चुकीचे म्हणजे?”

“झोपायला येणारे.”

खाली एक पाना कशालातरी लागून हलकेच वाजला आणि तो नाद वरच्या मजल्यांकडे चढत गेला. मामाने तो पूर्ण विरेपर्यंत ऐकला.

“आपण नवीन कागद लावू,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. “मी आत्ता सगळीकडे जाते. मला लिफ्ट ठेवायला हवी होती. मला ती आवडली होती.”

“मग काढलीस का?”

“सगळ्यांनी सांगितलं म्हणून.”

“हं,” मामा म्हणाला. “रडू नको. दमलेली माणसं आहेत, येऊ देत. पत्ता चुकलेली बाई आली होती तेव्हा आपण तिला परत पाठवली का?”

शनिवारी पावणेचारला वाचनालयाच्या पायऱ्यांवर रांग लागली. रात्रपाळी करून आलेल्या परिचारिका होत्या. पहाटे तीनला उठणारा पाववाला होता. तीन महिन्यांचं बाळ घेतलेलं एक जोडपं होतं आणि बाळ सोडून दोघंही पेंगत होती. प्रत्येकाच्या काखेत उशी. कोणी फुलांची, कोणी चौकटीची, आणि एका पोक्त वकिलाने तर सशाच्या आकाराची, नातीची म्हणून, आणली होती. ग्रंथपाल दारात उभे राहून म्हणत होते, “मला वादन असं सांगितलं होतं. आडवं होण्याबद्दल काही ठरलेलं नाही.” पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. खुर्च्या आपोआप भिंतीला लागल्या आणि चादरी पसरल्या. उंच खिडक्यांतून तिरपं ऊन आत आलं आणि त्यात धूळ इतकी सावकाश तरंगायला लागली, की तिलाही कोणी गप्प राहायला सांगितलं असावं.

मामा आला, त्याने वाकून नमस्कार केला. सत्तर माणसांनी समजूतदारपणे डोळे मिटले.

तळमजला संपेपर्यंत पहिलं घोरणं सुरू झालं. दुसऱ्या मजल्यावर पाववाला गेला, वकील गेले, पुढच्या ओळीत बसलेल्या मॅडम वहीवर पेन टेकवलेल्या अवस्थेत गेल्या. ग्रंथपाल कपाटाला टेकून उभे होते, ते तसेच. धाकटी दाराशी बसून मामाकडे बघत होती, आणि तिच्या ध्यानात आलं की मामाचे डोळे उघडे आहेत. त्याच्याकडे बघणारं कोणी नव्हतं, त्यामुळे त्याला मिटायची गरज उरली नव्हती. निजलेल्या माणसांवरून त्याची नजर पाण्यावरून फिरावी तशी फिरत होती. हात जराही कापत नव्हता. सूर त्या तिरप्या उन्हातून वर चढत होते, मधेच थांबत होते, कोणी आत येतंय का बघत होते, आणि पुढच्या मजल्याला निघत होते. इतकं सुरेल त्याने आजवर कधीच वाजवलं नव्हतं, आणि ते ऐकायला सत्तरातलं कोणीही जागं दिसत नव्हतं.

आठवी धून संपली. टाळी वाजली नाही. कुठेतरी कोणी कूस बदलली.

तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून एक गृहस्थ उठले. औषधांच्या दुकानात काउंटरशी दिसलेले तेच. लोकांच्या पायांतून वाट काढत, चपला हातात घेऊन ते पुढे आले. चेहरा गंभीर होता.

“मला झोप लागली नाही,” ते हलक्या आवाजात म्हणाले.

“माझी चूक आहे, काका,” धाकटी घाईने म्हणाली. “जाहिरातच तशी झाली. हा इलाज नाहीये. नुसतं वादन आहे.”

“ते मला दुसऱ्या मिनिटाला कळलं. अकरा वर्षं झाली मला झोप लागत नाही, त्यामुळे ऐकायचं तेवढं नीट ऐकतो मी.” ते मामाकडे वळले. “पाचव्या मजल्यावर तुम्ही मधेच थांबलात. दार उघडेल असं वाटलं, आणि उघडलंच नाही. मुद्दाम का?”

मामाने व्हायोलिन खांद्यावरून खाली घेतलं. “त्या दिवशी खरंच उघडलं नव्हतं,” तो म्हणाला. “दोन तास आत होतो. पण हे आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं.”

“पुन्हा वाजवाल तेवढं?”

मामाने व्हायोलिन खांद्याला लावलं. गृहस्थ सगळ्यांत कडक दिसणारी एक खुर्ची उचलून अगदी त्याच्या समोर, हाताच्या अंतरावर बसले. त्याचे डोळे आणि यांचे डोळे समोरासमोर आले आणि तसेच राहिले. गज तारेला लागणार, तोच गृहस्थांनी हात किंचित वर केला आणि मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे एक पिकल्या केसांची बाई दोन उशांवर डोकं ठेवून, तोंड उघडं टाकून झोपली होती.

“जरा हळू वाजवा,” ते म्हणाले. “आमच्या हिचा डोळा लागलाय. अकरा वर्षं माझ्या सोबतीला जागी होती.”