वाटेसाठी आलेले लेप

आमच्या कॉलनीत बंगल्याच्या डांबरी वाटेला लेप द्यायचा, तर आधी रीतसर बघण्याचा कार्यक्रम करावा लागतो. आमची वाट, म्हणजे गेटपासून पोर्चपर्यंतचा गाडीचा रस्ता, यंदा तडकली. पावसाआधी लेप झाला नाही तर पाणी शिरून वाट आतून उखडते, आणि मग तिला कोणी विचारत नाही. म्हणून शिकलगारांना निरोप धाडला. ते लेपाचे ठेकेदार. स्थळंही तेच आणतात.

पहिला आला तो अॅक्रिलिकचा. डबा चकचकीत, बोलणं मोजकं. माझ्या पत्नीला, हेमलताला, तो आवडला. पोहे झाल्यावर इंदूआत्याने झाकण उघडून आत पाहिलं.

"रंग उजळ आहे," ती म्हणाली.

"टिकतो चांगला, आक्का," शिकलगार म्हणाले.

"टिकेल हो. पण चारचौघांत वाट करडी दिसायची. आमच्याकडे सगळ्या काळ्याभोर."

दुसरा कोळशाच्या डांबराचा. त्याच्यावर पेट्रोल सांडलं तरी डाग पडत नाही, शिवाय घराणं जुनं. पिंप पोर्चमध्ये ठेवलं आणि हेमलताने नाकाला पदर लावला.

"आत्या, वास फार आहे हो याला."

"सवय होते. ह्यांच्या तपकिरीची मला नाही झाली?"

सगळं ठरत आल्यावर मी वाटेला विचारलं. विचारायची पद्धत आहे.

"हा नको," वाट म्हणाली. "याच्याखाली माझा जीव गुदमरेल. बाहेरचा रस्ता दुरुस्त करताना साध्या डांबराचा लेप आला होता. त्याच्याशी माझं बोलणं झालंय."

"तो? रस्त्यावरचा?" आत्याने विचारलं.

"मीही रस्ताच आहे, आत्या."

"तू आमची वाट आहेस. रस्ता वेगळा."

शिकलगारांनी घसा खाकरला. "खरं सांगू, साहेब? तिला तोच चांगला. दोघं एकाच डांबराची. जोड घट्ट धरेल."

"एकाच डांबराची म्हणजे सगोत्र," आत्या म्हणाली. विषय संपला.

कोळशाच्या लेपाला शब्द दिला. मुहूर्त गुरुवारचा निघाला. बुधवारी सकाळी मी दूध आणायला निघालो, तर गेटपर्यंत नुसता मुरूम होता. वाट बाहेरच्या रस्त्याच्या कडेला जाऊन पडली होती. अंगावर साधा लेप, तोही वाळलेला. तडे कुठेच दिसत नव्हते. तिने घरच्यांची चौकशी केली. मी "बरं चाललंय" म्हणालो आणि पुढे गेलो.

गुरुवारी शिकलगार आले आणि पिंप ढवळत बसले. शब्द दिलेला लेप परत पाठवता येत नाही. आत्याने पोर्चभर नजर फिरवली.

"पायऱ्या आहेत की," ती म्हणाली. "वाटेपेक्षा धाकट्या."

"त्या सिमेंटच्या आहेत, आक्का. हा त्यांच्यावर धरायचा नाही."

"त्यांनी धरून ठेवायचं. आम्ही नाही ठेवलं?"

पायऱ्यांना मी विचारलं नाही. ती पद्धत वाटेपुरतीच आहे.

दुपारपर्यंत काम उरकलं. पायऱ्या एक शब्द बोलल्या नाहीत.

"बघ मुकुंदा," आत्या मला म्हणाली, "याला म्हणतात संस्कार."

लेप अजून ओलाच आहे. आम्ही मागच्या दाराने ये-जा करतो.