कानात बोळे, हातात पेनड्राइव्ह

कानात कापसाचे बोळे घालून साउंड सिस्टीम पारखणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझ्याच मोटारसायकलवर मागं बसला होता. दुकानात त्यानं बोळे घातले की लोक आधी त्याच्याकडं बघायचे आणि मग माझ्याकडं. त्याच्याकडं बघताना तोंडावर आश्चर्य असायचं, माझ्याकडं बघताना कीव.

हे आमचे शेजारी, नाना. जालन्यात आमच्या कॉलनीत त्यांचं घर नि माझं घर लागून आहे. मधली भिंत एकच, आणि ती विटांची आहे यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. नाना एसटीत कंट्रोलर होते. म्हणजे स्टँडवरच्या त्या जाळीच्या खोलीत बसून माईकवर गाड्या पुकारणारे. "माझ्या भोंग्यावरून मंठा म्हणलं की पार उसाच्या रसवाल्यापाशी बसलेल्या म्हातारीला मंठा ऐकू यायचं," असं ते अजून छाती काढून सांगतात.

नाना निवृत्त झाले, पण त्यांचा गळा काही निवृत्त झाला नाही. सकाळी मी कूस बदलतोय न बदलतोय तोवर भिंतीतून आवाज येतो, "लक्ष द्या! चहा फलाट क्रमांक एकवर लागलेला आहे! चहा, फलाट क्रमांक एक!" फलाट क्रमांक एक म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा. दोन म्हणजे अंगण. आंघोळीचं पाणी 'सुटण्याच्या तयारीत' असतं. आणि एकदा तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "मेथीच्या प्रवाशांनी घाई करावी, भाजीवाला कोपऱ्यावरून सुटलेला आहे!" सगळं दोनदा. काही म्हणजे काही एकदाच सांगायचं त्यांना जमतच नाही.

घरात प्रवासी एकच, माई. माई म्हणजे त्यांची बायको. या बाईसारखं हसतमुख माणूस कॉलनीत दुसरं नाही. काहीही सांगा, मान हलवून हसतील नि म्हणतील, "बरं बरं, चांगलं झालं." मागं एकदा माझी दाढ ठणकत होती, गाल भाकरीसारखा फुगलेला. म्हणालो, "माई, मरून राह्यलो बघा मी." माई प्रसन्न हसल्या नि म्हणाल्या, "बरं बरं, चांगलं झालं." मी घरी येऊन बायकोला म्हणालो, माई म्हणजे संत आहेत, सुखदुःखाच्या पलीकडं गेल्या. बायकोनं माझ्याकडं नुसतं पाहिलं.

संध्याकाळी तर भिंतीपलीकडं वेगळाच खेळ. माईंची एक मालिका लागते. टीव्ही सुरू झाला की नानांचं समालोचन सुरू. "सासू म्हणून राह्यली, निघ माझ्या घरातून! निघ, म्हणून राह्यली!" थोडं थांबून, "सून काही बोलून न्हाई राह्यली! रडून राह्यली!" मी वह्या तपासत बसायचो नि सातवीच्या पोरांच्या निबंधात लाल पेनानं 'सून रडत आहे' असं लिहून ठेवायचो. आम्ही सगळे समजायचो, म्हाताऱ्याची पुकारायची खाज आहे, जात नाही. कॉलनीतली पोरं तर त्यांना तोंडावर 'भोंगा नाना' म्हणायची. नाना हसून सोडून द्यायचे.

मग एक दिवस ते माझ्या दारात उभे राहिले.

"सर, तुमच्याकडं ते लांबट डब्बं आहे ना टीव्हीखाली? मला बी आवाजाचं काहीतरी घ्यायचंय. चला."

माझ्याकडं एक साउंडबार आहे, तोही सासऱ्यांनी दिलेला. तेवढ्या भांडवलावर मी कॉलनीतला आवाजतज्ज्ञ ठरलो होतो, आणि खरं सांगतो, मला ते आवडत होतं. मी विचारलं, "बजेट किती?"

"कूलरच्या पैशात बसलं पाहिजे."

"आणि कूलर?"

"जुन्याला नवा वाळा लावतो. एक उन्हाळा काढंल तो. आन् जल्दी करा सर. ती मालिका संपायला आली. सून खरं काय झालं ते सगळ्यांसमोर सांगनार हाय. त्याच्या आत बोलणं स्वच्छ ऐकू आलं पाहिजे."

आता जालन्याचा उन्हाळा ज्यानं पाहिलाय त्याला विचारा, कूलरच्या पैशाचा भोंगा कोणी घेतं का! पण नाना बिलकुल ऐकेनात. त्यांनी माझ्याकडून एक पेनड्राइव्ह भरून घेतला. गाणी? छे! मालिकेतली भांडणं, मालिकेतली कुजबुज, एक दवाखान्यातलं हळूहळू मरणं आणि बातम्यांचा एक तुकडा. मी म्हणालो, "नाना, लोक ढोलकी ऐकून बघतात." तर म्हणाले, "ढोलकी भिंतीला बी ऐकू येती."

पहिल्या दुकानात पोरानं मोठ्या हौशीनं बटण दाबलं. असा काही दणका झाला की मांडणीवरचे मिक्सर थरथरले आणि बाहेर बांधलेली शेळी दोरी तोडायला निघाली. पोरगा अभिमानानं म्हणाला, "बघा काका, बेस!" नानांनी खिशातून कापसाचे बोळे काढले, दोन्ही कानांत गच्च बसवले नि म्हणाले, "आता लाव. आन् ह्यातलं लाव." पेनड्राइव्ह पुढं केला. ते दवाखान्यातलं मरणं सुरू झालं. नाना डोळे मिटून, मान तिरकी करून उभे. मग बोळे काढून म्हणाले, "माणसं कुठंयत ह्यात? नुसता ट्रक जाऊन राह्यला."

असं प्रत्येक दुकानात. बोळे घालायचे, भांडण लावायचं, मान हलवायची, बाहेर. मी विचारलं, "हे बोळे कशाला?" तर एकदा म्हणाले, "वारं लागतं कानाला." दुसऱ्यांदा म्हणाले, "धूळ." उन्हात उभं राहून माझं डोकं तापलेलं. मी म्हणालो, "नाना, आंधळी कोशिंबीर खेळत कोणी लुगडं घेतं का?" ते हसले नि म्हणाले, "पुढच्या दुकानात चला."

कोणी सांगितलं, मंठ्याला एक जण स्वस्त देतो. गेलो मंठ्याला, एसटीनं. दुकान बंद. मालक लग्नाला गेल्ता. परत येताना स्टँडवर घोषणा झाली तशी नानांनी मान वर केली नि समाधानानं म्हणाले, "पोरगं बराबर बोलून राह्यलं. घाई न्हाई करत." तेवढ्या एका वाक्यावर त्यांची ती चक्कर वसूल झाली. माझी झाली नाही. माझी रविवारची झोप गेली ती गेलीच.

शेवटी अन्वरभाईंच्या दुकानात गाडी अडली. अन्वरभाई म्हणजे शांत माणूस. नानांनी बोळे घातले तसे ते म्हणाले, "चाचा, सुनने आये की नै सुनने?" पण हसले नाहीत. पाच छोटे डबे आणि एक मोठा, असा साधा संच काढला. त्यांनी भांडण लावलं, कुजबुज लावली. नाना एकेका डब्याला कान लावत फिरले, देवळात प्रदक्षिणा घालावी तसे. मधल्या डब्यापाशी थांबले. बराच वेळ थांबले. मग आरडले, "आलं! आलं सर! सून बोलून राह्यली!"

अन्वरभाई म्हणाले, "बराबर पकडलं चाचा. बोलणं सगळं ह्या मधल्यातून येतं. बाकीच्यातून गाणं, गाड्या, पाऊस."

"मंग मला हा एकच द्या."

"चाचा, संच फुटत न्हाई."

"पाऊस मला नको. पाऊस तुमच्याकडंच राहू द्या. बोलणं तेवढं द्या नि त्याचेच पैसे घ्या."

असला सौदा त्या दुकानात कधी झाला नसेल. मी लाजेनं रस्त्यावरची रिक्षा बघत उभा राहिलो. शेवटी अन्वरभाईंनी कूलरच्या पैशात संच बसवला आणि वर वायरवाला एक माईक फुकट दिला. नाना माईककडं बघून म्हणाले, "हे नको. जन्मभर हेच धरलं." अन्वरभाईंनी तरी खोक्यात टाकला.

बसवायला माणूस आला त्या दिवशी खरी गंमत झाली. त्यानं मधला डबा टीव्हीखाली ठेवला. नानांनी उचलला, माईंच्या खुर्चीशेजारच्या फळीवर, अगदी कानाशी ठेवला. त्यानं परत टीव्हीखाली ठेवला. नानांनी परत उचलला. मोठा डबा टीव्हीखाली राहू दिला, पण बाकीचे चार छोटे त्यांनी कपाटावर रचून ठेवायला सांगितले. मला राहवेना. म्हणालो, "नाना, इतकं उन्हात हिंडवलं, कूलर घालवला, आता तरी नीट लावू द्या की त्याला! सगळी कॉलनी हसंल."

नानांनी माझा हात धरला नि मला मागच्या अंगणात नेलं. कूलरला वाळा बांधायचा म्हणून. तिथं आम्ही दोघं वाळा बांधत बसलो. नानांचा आवाज आज पहिल्यांदा भिंतीपलीकडं जाणार नाही इतका खाली आला.

"सर, तिला ऐकू येत न्हाई. लई दिवस झाले. मशीन करून आणलं तर ते लवंगाच्या डबीत ठिवून राह्यली. बचत गटाच्या बैठकीत बायका हसल्या, तवापासून जाणं सोडलं. बहिरी म्हणतीन म्हणून भ्येती. कुणी काय बी बोललं की हसती नि बरं बरं म्हणती."

माझ्या हातातला सुतळीचा तोडा तसाच राहिला. माझी दाढ मला आठवली.

"मंग मीच वरडाया लागलो," नाना म्हणाले. "लोकं म्हणतेत भोंगा नाना येडा झाला. म्हणू द्या. मला येडं म्हणतेत तवर तिच्याकडं कुणाचं ध्यान जात न्हाई."

"आणि ते बोळे?"

"तिच्या कानानं ऐकून बघावं लागतं ना सर. माझे कान चांगले असून काय उपेग?" त्यांनी गाठ मारली नि वाळा ओढून बघितला. "मालिकेतलं मी सगळं सांगतो तिला. पण मी सांगितलं की त्याची बातमी व्हती. तिला बोलणं पाहिजे."

मोठा आवाजतज्ज्ञ मी! भिंतीला भिंत लागून राहतो आणि मला एवढं ऐकू आलं नव्हतं. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मला कवाच माहितीय. मी माईंसमोर बसूनच बोलते, तोंड बघून कळतं त्यांना. तुम्ही बोलता भिंतीकडं बघून." घ्या!

ज्या दिवशी मालिकेतली सून खरं सांगणार होती, त्या संध्याकाळी नानांनी आम्हा दोघांना बोलावलं. माई खुर्चीत, डबा कानाशी, नाना शेजारी सज्ज. सुनेनं तोंड उघडलं तसं सवयीनं नानांनीही उघडलं. "सून म्हणून राह्यली..."

"वरडू नका ओ!" माई एकदम म्हणाल्या. "ऐकून राह्यले ना मी!"

नाना तसेच, उघड्या तोंडानं. माई टीव्हीकडं हात नाचवत होत्या. "खोटं! सासूच खोटं बोलून राह्यली! आगं, गप का बसली, सांग की दागिने कुणी उचलले ते!" मालिकेतल्या सगळ्या माणसांना त्यांनी एकेक करून झापलं. साठवून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. हसऱ्या माई एवढ्या भांडखोर आहेत हे आम्हाला त्या दिवशी कळलं आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू! माझी बायको पदरानं डोळे पुसत हसत होती. नाना कपाटावरच्या त्या चार मुक्या डब्यांकडं बघत बसले होते, कारण दुसरीकडं कुठं बघायची त्यांची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कूस बदलली. भिंत गप्प. परत बदलली. चहा कुठल्याच फलाटावर लागेना. पायात चप्पल न घालता नानांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं.

माई पुढच्या खोलीत, खुर्चीत बसून लसूण सोलत होत्या. टीव्ही बंद. नाना आत स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभे. त्यांच्या हातात अन्वरभाईंचा फुकटातला माईक, त्याची वायर दारातून बाहेर आलेली. माईक जवळ नेला की डबा शिट्टी मारतो म्हणून त्यांनी ही जागा शोधून काढली होती. त्यांना माझी चाहूल लागली नाही. माईक त्यांनी अगदी ओठांशी धरला होता आणि मी आजवर न ऐकलेल्या आवाजात, घरात बाळ झोपलेलं असावं तसं हळू, ते म्हणाले,

"कौसा, चहा झालाय गं. आज आलं टाकलंय."

बाहेरच्या खोलीत, कानाशी ठेवलेल्या डब्यातून तो आवाज आला. माईंचे हात लसणावरच थांबले. इतक्या दिवसांनी नवऱ्यानं त्यांना वरडून नाही, नुसतं बोलून हाक मारली होती.

"लई टाकलं असंन मंग," त्या म्हणाल्या नि परातीतून हात काढून उठल्या.

मी आल्या पावली माघारी फिरलो. घोषणा एकदाच झाली होती.