सारपिन सुटतो की नाही

सारपिन त्या शुक्रवारी सुटणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगितलं होतं. सांगणारच! त्याला लहानपणी बाटलीनं दूध पाजलं ते मी, त्याच्या पिंजऱ्याची किल्ली वीस वर्षं कमरेला बाळगली ती मी. ओरांगउटान ही काय चीज आहे हे अख्ख्या जावात माझ्याइतकं कोणाला कळत नाही, असा माझा समज होता.

सारपिन याआधी दोनदा सुटला होता, दोन्ही वेळा शुक्रवारीच. दुपारची अजान झाली की आमच्या प्राणिसंग्रहालयाचं फाटक बंद होतं आणि झाडून सगळे पुरुष शेजारच्या मशिदीत जातात. हे त्याला पक्कं ठाऊक. तोंडात लपवलेल्या तारेनं तो कुलूप उघडायचा. पहिल्या वेळी त्यानं तुमिनीबाईच्या टपरीवरचा सगळा गोड चहा संपवला. दुसऱ्या वेळी तो थेट संचालकसाहेबांच्या खुर्चीत जाऊन बसला. चहाचं कोणी मनावर घेतलं नाही. खुर्चीचं घेतलं.

"आता बाहेर दिसला तर गोळी," साहेब म्हणाले, आणि त्यांनी बंदुकीसकट एक हवालदार मागवून घेतला.

हे ऐकून लोक हळहळले असतील असं तुम्हाला वाटेल. लोकांनी पैज लावली.

"सुटणार," हत्तीवाला कासिरान म्हणाला. "माझी मोटारसायकल लावतो. नमाज संपायच्या आत सारपिन बाहेर."

"नाही सुटणार, कांग," मी म्हणालो. वयानं मोठ्या माणसाला आम्ही कांगच म्हणतो.

"तू काय लावतोस, तारमुजी? अक्कल लावू नकोस. ती घेऊन मी काय करू?"

सगळे हसले, आणि मला राग आला. रागाच्या भरात मी माझा मुराई लावला. गाण्याच्या तीन स्पर्धा जिंकलेला पक्षी! माझी बायको रात्मी म्हणते, तुम्ही माझ्याशी बोलत नाही तेवढं त्याच्याशी बोलता. पैजेचा निकाल लागेपर्यंत त्याचा पिंजरा तुमिनीबाईच्या टपरीवर टांगला गेला.

शुक्रवार उजाडला. मी ठरवलं, आज नमाज चुकवायची आणि सारपिनची ती तार शोधून काढायची. तार नाही, तर सुटका नाही, आणि गोळीही नाही. सगळे गेल्यावर मी कुलूप काढलं, किल्लीसकट बाहेर कडीला अडकवलं आणि आत शिरलो. सारपिन नेहमीसारखा डोक्यावर गोणपाट घेऊन कोपऱ्यात बसला होता. मी गोणपाट झटकलं, पेंढा उपसला. भोंग्यावरून मौलवीसाहेबांचं प्रवचन ऐकू येत होतं. विषय होता जुगार.

मागे खट्ट झालं.

सारपिन बाहेर उभा होता. त्यानं दार ओढून घेतलं, कडी घातली, कुलूप दाबलं, किल्ली काढली. मग कुलूप लागलंय ना, हे दोनदा ओढून पाहिलं. वीस वर्षं रोज मी करत आलो, अगदी तसंच. आणि गेला.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माझी हाक ऐकून सगळ्यांत आधी कोण धावणार? हवालदार. बंदूक घेऊन. सारपिन टपरीपर्यंतही पोचला नसता.

प्रवचन संपलं, नमाज संपली. चपलांचे आवाज यायला लागले. त्यांना पिंजऱ्यात सारपिन दिसायलाच हवा होता. मी गोणपाट डोक्यावर घेतलं, पाय पोटाशी ओढले आणि अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसलो.

"बसलाय की," कासिरान म्हणाला. त्याचा आवाजच पडला होता. "गेली माझी मोटारसायकल."

"हाच का तो? मला वाटलं मोठा असेल," हवालदार म्हणाला.

"खंगलाय," साहेबांचा आवाज आला. "खांदे बघा कसे पडलेत. काही उमेदच राहिलेली दिसत नाही."

माझी उमेद खरोखरच राहिली नव्हती.

"आता हा कुठं पळतोय? हवालदार, तुम्ही जा परत. मरेल आपोआप."

तेवढ्यात रात्मीचा आवाज आला. ती शुक्रवारी माझा डबा घेऊन येते.

"यांना पाहिलंत का कोणी?"

"मशिदीत असेल," कासिरान म्हणाला. "पहिल्यांदाच गेलाय, वाट सापडत नसेल."

रात्मीनं एक केळं फेकलं. ते माझ्या टाळक्यात बसलं. "खा रे बाबा," ती म्हणाली. हात बाहेर काढायची सोय नव्हती, तेव्हा मी केळं तिथंच राहू दिलं. हळूहळू सगळे जेवायला पांगले. माणसाला माणूस म्हणून एकानंही ओळखलं नाही, याचं मला तेव्हा बरंच वाटलं. वाईट नंतर वाटलं.

सारपिन त्याच्या जेवणाच्या वेळेला आला. लोक उभे राहतात तिथं बसला, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग जमिनीवरचा एक शेंगदाणा उचलून त्यानं माझ्याकडे फेकला.

नंतर कुलूप उघडून आत आला. त्याच्या हातात माझ्या मुराईचा पिंजरा होता. इवलीशी कडी नीट सरकवलेली, दार सताड उघडं, आत कोणी नाही. त्यानं पिंजरा माझ्यापुढं ठेवला आणि गोणपाटासाठी हात पसरला. मी दिलं.

मुराई पिंजऱ्यात जन्मलेला. त्याला किडा शोधता येत नाही, ससाणा ठाऊक नाही. मी रडलो. सारपिन गोणपाटाखाली गप्प बसून होता, जिवंत होता. ओरडलो असतो तर तो गेला असता. ओरडलो नाही, म्हणून हा गेला.

मुराई चोरीला गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. कासिराननं मला धीर दिला आणि मोटारसायकल दिली. ती चालू होत नाही. वाटेतल्या प्रत्येक झाडाखाली थांबून कान देत मी ती ढकलत घरी आणली.

"आज सारपिनला पाहिलं," जेवायला वाढताना रात्मी म्हणाली. "कोपऱ्यात तोंड लपवून बसला होता. मला एकदम तुमचीच आठवण आली."

मी ताटातला भात चिवडत राहिलो.

"दिलेलं खाल्लंसुद्धा नाही त्यानं," ती म्हणाली. "तेही तुमच्यासारखंच."