नऊ स्वभावांची हौसा

हे कुणालाच पटणार नाही, असं आधीच बजावून जगननानाने कोन गावच्या नाक्यावर गोष्ट सुरू केली.

त्याची पुतणी हौसा. खारघरच्या टॉवरांत सुकट-सोडे, म्हणजे सुकी मासळी, घरपोच पोहोचवायची कंपनी तिने काढली होती आणि तिला भांडवल हवं होतं. भांडवलवाल्यांनी चारुदत्त नावाचा तरुण धाडला. माल बघायला नव्हे, हौसाचा स्वभाव मोजायला. कुठल्या देशातला, कुठल्या स्वभावाचा माणूस धंद्यात टिकतो, हे म्हणे त्याच्या टॅबला कळायचं.

अट एकच: हौसाने एकटीने उत्तरं द्यायची. पण पाहुणा आल्यावर घरातलं कुणी आतच बसून राहिलं, तर कोनात त्याला भांडण समजतात. त्यामुळे आई, आत्या, काकवा, शेजारची मैना, सगळ्या चटईवर येऊन बसल्या.

"तुम्ही धोका पत्करता का?" चारुदत्तने विचारलं.

"पत्करते," हौसा म्हणाली.

"नाय म्हण," आत्या म्हणाली. "लगीन व्हायचंय अजून."

"हाताखालच्या माणसाने उलट उत्तर दिलं तर?"

"हिच्या हाताखाली मीच हाय," आई म्हणाली. "रोज देते."

मैनेने तर टॅब मांडीवर ओढला आणि उरलेले प्रश्न परस्पर उरकले. टॅबने निकाल दिला: या बाईत नऊ माणसं राहतात; कंपनी दिवाळी बघणार नाही.

"आपल्या देशाचं हेच दुखणं आहे," चारुदत्त म्हणाला. "मोठ्यांचं ऐकत बसतात आणि बुडतात. मॅडम, पुन्हा एकटीने उत्तरं द्या, नाहीतर पैसे विसरा."

"मी कुणाचं ऐकते?" हौसाने विचारलं.

"कुणाचंच नाय," सगळ्या एकदम म्हणाल्या.

"कंपनी एकटी चालवत नाय, मग उत्तरं एकटी कशाला देऊ? तुमच्या टॅबला दिवाळीत फराळाला घेऊन या. आमी हाव का नाय, बघून जाईल."

इथे सांगता सांगता नानाला राहवलं नाही. सुकटीच्या वासाने टॅब शुद्धीवर आला, चारुदत्तने जागच्या जागी वीस लाख दिले, आणि हौसाने डोळ्यांत पाणी आणून त्याला हात जोडले...

"नाना, खोटं." मागे हौसाच उभी होती. "त्यानं दमडी दिली नाय आन् मी हात जोडले नाय. दिवाळी होऊन शिमगा आला. आता उठा, तुमी बसलाय ते खोकं खारघरला जायचंय."