मार्गदीपातलं डावं-उजवं

या, असे जवळ सरकून बसा. मागे बसलेल्यांना ऐकू येत नाही अशी तक्रार नेहमी पुढचेच करतात. बुवा यायला अवकाश आहे, पेटीवाल्याचा चहा व्हायचा आहे, तोवर एका ग्रंथाची कथा सांगतो. ग्रंथ लहान, त्यातला खड्डा मोठा. मन लावून ऐकाल तर करमणूक होईल. बोध झालाच तर तो ज्याचा त्याचा.

ज्ञान तोंडी असतं तोवर माणसाच्या उपयोगी पडतं. छापलं की ते पूज्य होतं, आणि पूज्य झालं की हात धुतल्याशिवाय त्याला कोणी शिवत नाही. जगातल्या बहुतेक चांगल्या पुस्तकांचा शेवट असाच सुखाचा झालेला आहे.

आपलं रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं त्याआधी इथे चार माणसं नुसती चहा पीत बसत. राजधानी झाल्यावर त्यांची कार्यकारिणी झाली. जिथे मंत्रालय असतं तिथल्या हवेतच ठराव असतात, श्वासाबरोबर आत जातात. त्या हवेत बुढापारा या आपल्या मोहल्ल्यात 'पुरातन व्हिडिओ गेम प्रेमी मंडळ' स्थापन झालं. सभासद सहा, पदं सात. (सातवं पद रिक्त ठेवून त्याची निवडणूक दरवर्षी घ्यायची, म्हणजे मंडळ जिवंत राहतं.)

या मंडळात नरहर सहसचिव होता. सरकारी कार्यालयात नोकरी, घरात बायको आणि ईरा नावाची एक लेक. आयुष्यात दोन वेडं: एक कीर्तनाचं, दुसरं लहानपणी खेळलेल्या एका गेमचं. डबा टीव्हीला जोडायचा, पिवळी कॅसेट खुपसायची, की पडद्यावर एक पगडीवाला ठेंगणा माणूस धावू लागायचा. असले सगळे खेळ उजवीकडे धावतात. सातव्या टप्प्यात मात्र एक खड्डा येई आणि उजवीकडे धावणारं सगळं बुढापारा त्यात पडे. बारा वर्षांच्या नरहरला एका उन्हाळ्यात कळलं की काठावर थांबायचं, उलटं वळायचं आणि डावीकडे उडी मारायची. तिथे न दिसणारी एक पायरी असते. या शोधापायी त्याचा गणिताचा पेपर गेला. शोध मात्र राहिला.

तो खेळ दोघांनी मिळून खेळायचा. ईरा आठवीत होती तेव्हा नरहरच्या मनाने घेतलं की लेक शिकायला बाहेर जायच्या आत तिच्याबरोबर एकदा तो खड्डा ओलांडायचा. आपल्याजवळ तिला देण्यासारखं दुसरं काही नाही, हे त्याला ठाऊक होतं. गणित तर नव्हतंच.

"ईरू, बस न थोडी. मी सांगतो कसं खेळायचं ते," तो म्हणाला.

ईराला मराठी सगळी समजे, उत्तर हिंदीत येई. "पापा, अभी टेस्ट है। आप लिख के दे दो ना, मैं पढ़ लूंगी।"

बाप टळावा म्हणून लेकीने काढलेली ती पळवाट होती. नरहरने तिला मागणी समजली. असल्या गैरसमजांतूनच वाङ्मय निर्माण होतं.

महिनाभरात त्याने सोळा पानं लिहून काढली. तशीच लेकीच्या हातात दिली असती तर ही कथा इथेच संपली असती आणि आपल्याला मुकाट्याने बुवांची वाट पाहावी लागली असती. पण सहसचिवाने काही लिहिलं तर ते मंडळासमोर ठेवावं लागतं, असा नियम होता. (नियम नरहरनेच लिहिला होता.)

अध्यक्ष शिशिरभाऊंचं पंडरीच्या कापडबाजारात ठोक दुकान. त्यांनी ती पानं हातावर तोलली. "सोळाच पानं? नरहर, अबे, लोक सेलचं पत्रक समजतीन. विमोचनाले पाहुणा उचलन काय?"

तेव्हा प्रकाशनाच्या दिवशी ग्रंथ पाहुण्याच्या हाताला जड लागेल इतका वाढवायचं ठरलं. अध्यक्षीय मनोगत आलं, उपाध्यक्षांचं आलं, रिक्त पदाच्या वतीनेही चार ओळी आल्या. शुभेच्छा मागवल्या. एका मान्यवरांनी 'आपल्या गोपालनाच्या कार्यास यश लाभो' असं कळवलं. त्यांच्या कार्यालयातून सगळ्यांना तेच छापील पत्र जाई, मजकूर बदलता येत नव्हता. उरला नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलने जाहिरात दिली: 'जुने खेळ असो वा नवे घर, आमच्याच सळ्या वापरा.' हिशेब करता ग्रंथाचा एकाहत्तर टक्के भाग हा उरलेल्या एकोणतीस टक्क्यांची स्तुती होता. आपल्याकडच्या स्मरणिका पाहता हे प्रमाण संयमाचंच म्हणावं लागेल.

मग भाषा तपासायला विजयाबाई आल्या. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई. रायपुरात राहून मराठी जिवंत ठेवायची तर तिला हवा लागू द्यायची नाही, असं त्यांचं मत होतं. पहिल्याच पानावर त्यांना इंग्रजी शब्द सापडले आणि त्यांनी लाल पेन काढलं.

कॅसेटचं 'संपुट' झालं. बटणाची 'कळ' झाली. टप्प्याला 'स्टेज' नको म्हणून 'लोक'. खेळणाऱ्याला 'खेळाडू' म्हणावं तर तो बसलेला असतो, म्हणून 'साधक'. अडलं ते 'लाइफ'वर. या खेळात माणूस तीनदा मरू शकतो. पोरं त्याला 'तीन जान' म्हणत. 'जान' विजयाबाईंना गझलेतली वाटली, 'आयुष्य' विमा एजंटाचं वाटलं. तेव्हा खुद्द नरहरने 'जन्म' सुचवला. (नेमाने कीर्तनाला बसणाऱ्याकडून दुसरं काय येणार!) तीन जन्म! शिशिरभाऊंनी नकळत हात जोडले.

आता मजकूर असा झाला: 'साधकाने संपुटाचे मुख स्वच्छ करून त्यात श्वास फुंकावा. प्रारंभकळ दाबावी. तीन जन्म लाभतात. वाटेत सुवर्णमुद्रा दिसतील. जो त्यांच्यामागे धावेल त्याचा पहिला जन्म तेथेच सरेल. दैत्यास सामोरे जाऊ नये, त्याच्या डोक्यावर पाय देऊन पुढे जावे.'

सातव्या लोकाशी विजयाबाई थबकल्या. 'डावीकडे उडी मारा' असं नरहरने लिहिलं होतं. डावीकडे? पार व्हायचं आणि डावीकडून? शुभकार्यात डावं चालत नाही. नैवेद्याला डावा हात लागत नाही. देवसुद्धा कौल देतो तो उजवा. हे लिहिणाऱ्याच्या हातून चुकून पडलं असणार, असा उदार विचार करून त्यांनी मजकूर सुधारला: 'सातव्या लोकी गर्तेच्या काठी साधकाने निःशंक मनाने उजवीकडे झेप घ्यावी.'

मुद्रितं तपासायला नरहरकडेच आली होती. त्याने ती तपासलीही. प्रत्येक लेखक मुद्रितांत जे पान सर्वांत काळजीने वाचतो ते त्याने तीनदा वाचलं. त्यावर त्याचं नाव बरोबर छापलेलं होतं.

'दूरचित्रक्रीडा-मार्गदीप'चं विमोचन थाटात झालं. पाहुणे म्हणून आलेल्या त्याच मान्यवरांनी पुस्तक उचललं, फीत सोडली, फोटो होईपर्यंत छातीशी धरलं आणि मग ते गाईंच्या संवर्धनावर चांगलं बोलले. प्रती बऱ्याच उरल्या. भेट द्यायला म्हणून त्यातला एक गठ्ठा बुढापाऱ्यातल्या भजन मंडळात ठेवला गेला.

पुढे काय झालं त्याला रेल्वे कारण आहे. नागपूरहून कीर्तनाला येणारे बुवा दुर्गला गाडीत अडकले. मंडप भरलेला, पेटी जुळलेली, बायका घरचं आवरून आलेल्या. भजन मंडळाच्या प्रमुख गोदूमावशी वेळ निभवायला काही वाचावं म्हणून उठल्या, आणि हाताला आला मार्गदीप. चष्मा नव्हता, म्हणून मुखपृष्ठ वाचलं नाही. आतला टाइप मोठा होता.

"साधकाने संपुटात श्वास फुंकावा..." मावशींनी चाल लावली. पेटीवाल्याने सूर दिला. तीन जन्मांपाशी मागची मंडळी पुढे सरकली. सुवर्णमुद्रांपाशी एका सराफाने मान खाली घातली. आणि गर्तेच्या काठी निःशंक मनाने घ्यायच्या झेपेपाशी मावशींनी तीच ओळ तीनदा आळवली. बुवा पोचले तेव्हा त्यांना मागे बसायला जागा मिळाली.

नरहर त्या गर्दीत होता. त्याचे डोळे भरून आले होते, कारण वाचन खरोखर सुरेख चाललं होतं. 'उजवीकडे' हा शब्द त्याच्या कानावर पडला, पण त्या वेळी तो टाळ वाजवून राहिला होता.

तिथून ग्रंथाला दिवस आले. घरोघरी पारायणं सुरू झाली. प्रचीतीही येऊ लागली: एकीचा गुडघा मोकळा झाला, एकाची अडलेली बदली झाली, एका घरचा मिक्सर आपोआप सुरू झाला (दुरुस्तीवाला तेव्हा घरातच होता). दुसऱ्या आवृत्तीला फलश्रुती जोडली. वाचकांची पाहणी केली तेव्हा ग्रंथ नित्य वाचणारे चारशेवर निघाले. त्यातला खेळ खेळलेले, शून्य. पुराव्याअभावी कोणाचाच विश्वास ढळला नव्हता.

अशात ईराचा दहावीचा निकाल लागला आणि तिचं कोचिंगसाठी कोट्याला जायचं ठरलं. बॅगा भरता भरता कपाटात तिला स्वतःचीच प्रत सापडली. पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'ईरूला, तिने मागितलं म्हणून.'

पोरीने ते दोनदा वाचलं. मग माळ्यावरून डबा उतरवला, कॅसेटीत फुंकर मारली आणि बापाला हाक दिली. "पापा, आ जाओ। आपकी किताब से खेलेंगे।"

नरहरने दुसरा रिमोट हातात घेतला. पुस्तक मांडीवर उघडं ठेवून ईरा ओळ वाची आणि खेळे. मुद्रांमागे धावली नाही. दैत्यांच्या डोक्यावरून नीट गेली. सातव्या लोकी काठावर थांबली, ओळ वाचली आणि निःशंक मनाने उजवीकडे उडी मारली.

पडली. पुन्हा आली, पुन्हा वाचलं, पुन्हा पडली. तिसरा जन्मही त्याच वाटेने गेला. लेक आपलं पुस्तक वाचून खेळते आहे या आनंदात, तिची कळच चुकत असेल असं समजून, नरहर मध्ये बोलला नव्हता.

"पापा, किताब में गलत लिखा है?"

नरहरने ओळ पाहिली. बोट ठेवून पुन्हा वाचली. "मी तं डावीकडे लिहिलं होतं ग!"

"तो ठीक करवा दो ना," ईरा सहज म्हणाली. तिला वाटलं, ज्याने लिहिलं त्याला दुरुस्त करता येतं. लहान आहे.

नरहरने दोन्ही मंडळांची संयुक्त सभा बोलावली. विषय एकच: एक शब्द.

"अरे नरहर," गोदूमावशी म्हणाल्या, "चारशे माणसं रोज उजवीकडे जाऊन राहिली, आन तू एकटा म्हणतं डावीकडे जा?"

"मावशी, तिकडे खड्डा आहे जी."

"कोण पडलं? नाव सांग."

"आमची ईरा."

"पोट्टीनं आंघोळ केली होती काय?"

नरहरला आठवेना. हे त्याच्या विरुद्ध गेलं.

विजयाबाई समजुतीने म्हणाल्या, "अहो, तो शब्द लाक्षणिक घ्यायचा असतो."

"पण बाई, मीच लिहिला न तो!"

"लेखकाला आपल्या ग्रंथाचा अर्थ कळतोच असं नाही, नरहरराव."

शिशिरभाऊंनी कायद्याचा मुद्दा काढला. "शुद्धिपत्र लावलं, म्हंजे पहिली आवृत्ती चुकीची होती असं होते. मंग एवढ्या मोठ्या पाहुण्यानं जे विमोचन केलं, ते चुकीचं केलं काय? राजधानीत राहून असं बोलाचं?"

ठराव मताला टाकला. मूळ पाठ कायम ठेवावा या बाजूने सगळे हात वर गेले. नरहरचाही गेला. सगळे हात वर असताना आपला तेवढा खाली ठेवणं त्याच्या संस्कारात नव्हतं, आणि इतिवृत्त लिहायचं काम सहसचिवाकडेच असल्यामुळे 'एकमताने' हा शब्द त्याला स्वतःच्याच हाताने लिहावा लागला.

घरी आला तेव्हा ईरा बॅगेची चेन ओढून राहिली होती. गाडी दुसऱ्या दिवशीची.

"हुआ ठीक?"

"नाही झालं," नरहर म्हणाला. "मीही हात वर केला, ईरू."

ईरा हसली नाही, रागावलीही नाही. "आप किधर कूदते थे?"

"डावीकडे."

"तो चलो, बैठो।"

दोघं बसले. सातव्या लोकी काठावर दोन ठेंगणी माणसं थांबली, उलटी वळली आणि डावीकडे उडाली. पायाखाली पायरी लागली. नरहर बारा वर्षांच्या पोरासारखा ओरडला. आतून बायकोने विचारलं, "काय पडलं?" तेव्हा ईरा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "काही नाही पडलं आई." सबंध वाक्य, मराठीत. बापाच्या लक्षात आलं. त्याने दाखवलं मात्र नाही.

मार्गदीपाची सध्या चौथी आवृत्ती चालू आहे. पाठ तोच आहे. मंडळाच्या वतीने सांगायला आनंद वाटतो की त्या खड्ड्यात आजवर एकही नियमित वाचक पडलेला नाही, कारण तिथवर कोणी गेलेलंच नाही.

आणि तुम्ही, मंडळी, किती एकाग्रतेने ऐकलंत! हसू आलं तिथे हसलात, माना जिथे डोलवायच्या तिथे डोलवल्यात. पण एवढ्या वेळात त्या खेळाचं नाव काय, हे एकानेही विचारलं नाही. श्रोते असेच लाभावेत. असो, बुवा आले वाटतं. उठता उठता एवढं करा: कोट्याला गेलेल्या त्या पोरीची आठवण असू द्या. वाचून पडलेली आपल्यात ती एकटीच आहे.