मियोबाई, दार उघडता का?

भाड्याच्या घराला एक टाचणीसुद्धा न टोचता त्याचा महाल कसा करावा, हे ज्याला शिकायचं असेल त्यानं माझ्याकडे यावं, असं मी गेल्या हिवाळ्यात ऑफिसात प्रत्येकाला सांगत होतो. प्रत्येकाला म्हणजे अगदी लिफ्टमध्ये सापडलेल्या कुरियरवाल्यालासुद्धा.

मी तेत्सुजी निशिवाकी. वय त्रेपन्न. नोकरी पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत. पंपांच्या घरघरीत तीस वर्षं बोलत आल्यामुळे माझं साधं 'नमस्कार'ही लोकांना धमकीसारखं वाटतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं मला नागोयाहून मात्सुएला पाठवलं. माझी बायको फुमिनो नागोयातच राहिली, कारण तिथे तिची बालवाडीतली नोकरी होती. मी इथे कालव्याजवळ एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या.

खालच्या मजल्यावर मालकीणबाई राहतात. हिराओकाबाई, वय शहात्तर. आयुष्यभर प्रसूतिगृहात मुख्य परिचारिका होत्या. आजही त्या समोरच्याकडे पाहतात ते अंगात ताप आहे का हे बघितल्यासारखं. घर देताना त्यांनी मला भिंतीवरून हात फिरवायला लावला होता.

"गुळगुळीत लागते ना?"

"हो."

"जाताना अशीच लागली पाहिजे."

म्हणजे खिळा नाही, स्क्रू नाही, नवा स्विच नाही; करारात तसं कलमच होतं. संध्याकाळी घरी यायचं, अंधारात चाचपडत बटण शोधायचं, दाराची किल्ली चार खिशांत हुडकायची. बरं, मी जरा विसराळूही आहे. फुमिनोचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "किल्ली कुठाय?"

जानेवारीत मी ठरवलं, आता बास. आणि फक्त चिकटपट्टीच्या जोरावर घर हुशार केलं. स्विचच्या शेजारी काड्यापेटीएवढं यंत्र चिकटवलं. त्याला एक इवलं बोट असतं, ते आपल्याऐवजी बटण दाबतं. पडद्याच्या दांडीवर पडदे सरकवणारं दुसरं यंत्र अडकवलं. दाराच्या आतल्या कडीवर कडी फिरवणारं तिसरं. आणि या सगळ्यांना हुकूम देणारा पुरणाच्या पोळीएवढा गोल स्पीकर दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेवला. घर सोडताना सगळं उचकटायचं, खोक्यात भरायचं आणि चालू लागायचं.

स्पीकरला हाक मारायला नाव निवडायचं होतं. यादीत मला 'मियो' आवडलं. मग मोबाइलवर प्रश्न आला, 'दार उघडण्याआधी गुप्त आकडा विचारावा का?' जो माणूस किल्ली विसरतो तो आकडा लक्षात ठेवणार आहे का? मी 'नको' दाबलं.

दुसऱ्या दिवसापासून माझा दरारा सुरू झाला. "मियो, दिवा लाव." "मियो, पडदे उघड." "मियो, दार लाव म्हटलं ना, ऐकू येत नाही का?" आणि मियो मऊ आवाजात म्हणायची, "हो, लावते. क्षमा करा." आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकत होतं.

फेब्रुवारीत मालकीणबाई एकदम बदलल्या. जिन्यात भेटल्या की मान हलवत, पण डोळे माझ्या मागे, वरच्या दाराकडे. एका संध्याकाळी त्या मुळ्याची रस्साभाजी घेऊन आल्या. दोन वाडगे.

"दोघांना पुरेल," त्या हळूच म्हणाल्या.

आता, मी अंगानं भरलेला आहे. मला वाटलं, त्या माझ्या पोटाकडे बघून बोलल्या. मी मनावर घेतलं नाही. सकाळी धुतलेले वाडगे परत द्यायला गेलो.

"संपलं सगळं?"

"सगळं. दोन्ही वाडगे मी एकट्यानेच संपवले," मी अभिमानानं सांगितलं.

बाईंचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं एक वाडगा परत मागणार होत्या.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला कचऱ्याच्या पिशव्या ठेवायच्या जाळीपाशी गाठलं.

"निशिवाकीसान, मला खाली सगळं ऐकू येतं. मियो, मियो."

झालं! चिकटपट्टीचं प्रकरण बाहेर आलं. मी ताबडतोब बचावाला लागलो.

"मी सांगणारच होतो तुम्हाला. जानेवारीत आणली. पण तिचा घराला काही म्हणजे काही त्रास नाही."

"घराला?" बाई म्हणाल्या. "बाहेर कधी दिसत नाही ती."

"छे, बाहेर कशाला काढायची? दारापाशीच असते. दिवसरात्र."

"दिवसरात्र. आणि तुम्ही असे ओरडता तिच्यावर?"

"ओरडल्याशिवाय ऐकत नाही हो कधीकधी. पण एकूण गुणी आहे. उलटून बोलत नाही, काही मागत नाही."

"आणि तुमची बदली झाली, म्हणजे तिचं काय?"

"नेईन बरोबर. नाहीतर देऊन टाकेन कुणाला तरी. ऑफिसात दोघंतिघं विचारत होते."

मालकीणबाईंनी हातातली कचऱ्याची पिशवी खाली ठेवली. मग ती तिथेच टाकून तरातरा घरात गेल्या. मी सुटकेचा श्वास सोडला. करारातल्या कलमाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. माणूस नीट समजावून सांगतो तेव्हा समोरच्याला पटतं, असा मी निष्कर्ष काढला.

मार्चच्या पहिल्या शनिवारी फुमिनो यायची होती. ही भेट साधी नव्हती. कंपनीनं मला मात्सुएत आणखी तीन वर्षं ठेवायचं ठरवलं होतं, आणि फुमिनो बालवाडीची नोकरी सोडून इकडे यावं की नाही हे ठरवायला येत होती. फोनवर मी म्हटलं होतं, "तू बघायला तर ये, मग ठरव." ती म्हणाली होती, "घर नाही, तुम्हाला बघायला येते." त्याचा अर्थ मी चांगला घेतला होता. खरं सांगायचं तर ती यावी म्हणून मी इतका उतावीळ झालो होतो, की शुक्रवारी पडद्यांनाही इस्त्री केली.

ओकायामाला गाडी बदलून ती दुपारी आली. हातात नागोयाच्या मिठाईचा डबा, तो मालकीणबाईंसाठी. वाटेत मी घराबद्दल चकार शब्द काढला नाही. दारात उभं राहून नुसता हुकूम सोडायचा आणि तिचा चेहरा बघायचा, असा बेत होता.

जिना चढून वर आलो तर आमच्या दारापाशी मालकीणबाई उकिडव्या बसलेल्या. दाराला खाली टपाल टाकायची फट असते, तिची झडप त्यांनी बोटानं वर धरली होती आणि तोंड फटीला लावून त्या बोलत होत्या.

"मियोबाई, घाबरू नका. ते स्टेशनवर गेलेत. मी खालची हिराओका. तुम्ही काही खाल्लंत का आज?"

आतून मऊ आवाज आला, "क्षमा करा, मला समजलं नाही."

"अगं बाई, किती खोल गेलाय आवाज. मियोबाई, दार उघडता का?"

"हो, उघडते."

आणि खट्कन कडी फिरली.

फुमिनो माझ्या शेजारी पायरीवर थांबली होती. तिनं मिठाईचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मियो कोण?"

"अगं, तीच तर तुला दाखवायची होती," मी म्हणालो.

हे वाक्य मी नंतर पुष्कळ वेळा मनात घोळवलं. याहून वाईट वाक्य मला अजून सापडलेलं नाही.

आवाज ऐकून मालकीणबाई उठल्या. गुडघ्यांना हात लावत सावकाश उठल्या, पण डोळे माझ्यावरून हलले नाहीत. "आणि या कोण?"

"माझी बायको. नागोयाहून आलीय."

बाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि फुमिनोचा हात हातात घेतला. बाळंतिणीच्या नातेवाइकांना काही सांगायचं असलं की त्या असाच हात घेत असाव्यात. "बाई, मन घट्ट करा. जानेवारीपासून इथे एक बाई आहे. दारापाशी ठेवलीय. जेवायला देत नाहीत. माझ्या दोन वाडग्यांतला एकसुद्धा तिच्यापर्यंत पोहोचला नाही."

"अहो, ती जेवत नाही," मी म्हणालो.

"ऐकलंत?" बाई फुमिनोला म्हणाल्या.

फुमिनोनं बूट काढले, नीट जोडून ठेवले आणि आत गेली. पाठोपाठ मालकीणबाई. सगळ्यात शेवटी मी, स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा. मी तोंड उघडलं की मालकीणबाई हात वर करायच्या, आणि तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईनं हात वर केला की तोंड आपोआप मिटतं. फुमिनोनं न्हाणीघर पाहिलं. अंथरुणाचं कपाट पाहिलं. बाईंनी पडद्यामागे पाहिलं.

"मियोबाई, कुठे आहात?" बाईंनी हाक मारली.

"मी इथेच आहे," मियो म्हणाली.

आवाज चपलांच्या कपाटाकडून आला. दोघी वळल्या. मालकीणबाईंनी छातीवर हात ठेवला. "एवढ्याशा जागेत," असं पुटपुटत त्यांनी कपाटाचं दार ओढलं. आत माझे दोन जोड बूट आणि एक मोडकी छत्री होती.

फुमिनोची नजर मात्र कपाटाच्या वर गेली. तिनं गोल स्पीकर उचलला, उलटा केला, खालची चिकटपट्टी पाहिली आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "ही मियो?"

"ही मियो."

मग मी एका दमात सगळं सांगितलं. चिकटपट्टी, बोट, पडदे, कडी, गुप्त आकडा. मालकीणबाईंचा विश्वास बसेना. त्यांना वाटलं, खरी बाई मी कुठेतरी पळवून लावली आणि आता खेळणं दाखवतोय.

"दाखवतोच," मी म्हणालो. "मियो, दिवा लाव."

घाबरल्यामुळे माझा आवाज चिरका निघाला. मियोला तो कळलाच नाही. "क्षमा करा, मला समजलं नाही."

"मियो. दिवा. लाव."

"क्षमा करा."

मालकीणबाई पुढे वाकल्या आणि अगदी आर्जवानं म्हणाल्या, "मियोबाई, जरा दिवा लावता का?"

"हो, लावते."

भिंतीवरचं इवलं बोट पुढे आलं, बटणावर टेकलं, दाबलं. दिवा लागला. बाईंनी "अगं बाई" म्हटलं. आणि त्याच क्षणी, दोन महिन्यांची थंडी आणि ओल सोसलेली चिकटपट्टी सुटली. सुटली म्हणजे यंत्रापासून नाही. भिंतीच्या कागदासकट सुटली. सर्र असा लांब आवाज झाला आणि यंत्र तळहाताएवढा वॉलपेपर घेऊन खाली लोंबकळलं. आत करडं प्लास्टर.

तिघंही त्या भोकाकडे पाहत राहिलो. मी वाकून वाकून माफी मागितली. किती वेळा वाकलो ते आठवत नाही, पण कंबर सोमवारपर्यंत धरली होती. मालकीणबाईंनी भिंतीवरून हात फिरवला. गुळगुळीत लागली नसणार.

"कागद नवा लावता येतो," त्या म्हणाल्या. "मी दोन महिने नीट झोपले नाही, निशिवाकीसान. पोलिसांना सांगावं का, की आधी तिला बाहेर काढावं, याच विचारात. आज सकाळी देवळात जाऊन आले आणि मग तुमच्या दाराशी बसले."

माझ्या बढाया ऐकून हसणारे पुष्कळ होते, पण न दिसणाऱ्या माणसासाठी झोप घालवणारं एकही नव्हतं. मी पुन्हा वाकलो. या वेळी कलमासाठी नाही.

फुमिनोनं चहा केला. तीन वाजले होते आणि मात्सुएत तीन वाजता चहा न घेणं हा जवळजवळ गुन्हा आहे. मिठाईचा डबा उघडला. दोघी बराच वेळ बोलल्या, बालवाडीतल्या मुलांबद्दल, प्रसूतिगृहातल्या बाळांबद्दल. मी कोपऱ्यात मान खाली घालून कागदाचा तुकडा यंत्रापासून सोडवत होतो.

मध्येच फुमिनो म्हणाली, "एक सांगू? तुम्ही तिला नावानं हाक मारता."

"मग काय म्हणून मारू?"

"सव्वीस वर्षांत मला 'अगं ए'च्या पुढे काही ऐकायला मिळालं नाही, म्हणून म्हटलं."

मालकीणबाईंनी माझ्याकडे, ताप आहे का, अशा नजरेनं पाहिलं. निघताना त्यांनी विचारलं, "या मियोला मी खाली नेऊ का? संध्याकाळी बोलायला बरं. माझ्याशी तरी नीट वागते." मी लगेच खोक्यात भरून दिली. तेव्हापासून खालून रोज ऐकू येतं, "मियोबाई, उद्या पाऊस आहे का हो?" आणि मियो त्यांना एकदाही 'समजलं नाही' म्हणत नाही.

फुमिनोनं नोकरी सोडली आणि एप्रिलमध्ये आली. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच कळलं, की मार्चभर ती आणि मालकीणबाई एकमेकींना फोन करत होत्या.

ती आली त्या दिवशी मालकीणबाईंनी आम्हाला खाली बोलावलं. आता घरात दोघं राहणार म्हणून नवा करार करायचा होता. कागद त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून तयार ठेवला होता. मी चष्मा लावून वाचला. भाडेकरू: फुमिनो निशिवाकी. सोबत राहणारे: एक (नवरा). आणि खाली विशेष अट: सोबत राहणाऱ्यांनी बसल्या जागेवरून हुकूम सोडू नयेत.

सहीऐवजी मारायचा फुमिनोच्या नावाचा शिक्का आधीच उमटलेला होता.

"वाचलंत?" मालकीणबाईंनी विचारलं.

"वाचलं."

"मग मारा शिक्का."

मी शिक्क्याला शाई लावली, श्वास रोखून सरळ धरला आणि दाबला. मालकीणबाईंनी कागद उचलून उजेडात धरला.

"जरा तिरका आलाय."

"असू दे," फुमिनो चहाच्या वाडग्यातून मान वर न करता म्हणाली. "मला सवय आहे."