आगीची लाठी, कापसाचं गाव

"खरी आग कशी लागते ते आमच्या गेममध्ये बघा, ताई. देशात असा गेम नाही," अश्विन गजभियेनं प्रेमिलाताईंना फोनवर सांगितलं. देशातले बाकीचे गेम त्यानं तपासले नव्हते, पण फोनवर तेवढा वेळ कुठे असतो?

प्रताप नगरात, पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत अश्विन आणि भूमिका तीन वर्षांपासून एकच गेम बनवत होते. संग्राम नावाचा झुबकेदार मिशांचा वीर गावोगावचे राक्षस मारत हिंडतो, एवढीच गोष्ट. प्रेमिलाताईंची बुटीबोरीला सूतगिरणी होती आणि त्यांना नव्या धंद्यात हात घालायचा होता. शनिवारी त्या गेम बघायला येणार होत्या. हो म्हणाल्या तर गेम बाजारात. नाही म्हणाल्या तर भूमिका सोमवारी हैदराबादच्या नोकरीवर, आणि मागे कंपनी म्हणून उरणार अश्विन नि दोन खुर्च्या.

हत्यारांचं गणित साधं होतं. लाठीच्या एका फटक्यानं राक्षसाच्या जिवातले चाळीस गुण जायचे. लाठीला आगीचा मंतर लावला की आणखी पंधरा. तलवारीला बर्फाचा मंतर, भाल्याला विजेचा. कोणता राक्षस कशाला भितो हे ओळखून हत्यार उचलायचं. जगभरच्या गेममध्ये हे असंच चालतं आणि कोणी तक्रार करत नाही.

मनोहररावांनी केली. त्यांनी चाळीस वर्षं आखाड्यात लाठी शिकवली होती. संग्रामचे हात नीट फिरतात का, एवढंच सांगायला त्यांना गुरुवारी बोलावलं होतं. त्यांनी पडद्यावरची पेटलेली लाठी पाहिली, चष्मा पुसला, परत पाहिली.

"लाठी कशाची हाय गा?"

"बांबूची, काका."

"मंग जळून काहून नाही राहिली?"

"मंतराची आग आहे ती."

"मंतर राक्षसाले जाळते, बांबूले नाही जाळत? घरचा म्हणून सोडून देते काय?"

हे अश्विनच्या जिव्हारी लागलं. शुक्रवारी त्यानं गेममध्ये एक नवा नियम घातला. जे खरोखर जळतं ते जळेल, जे गोठतं ते गोठेल, वीज पाण्यातून शॉक देईल. हत्यार, माणूस, झाड, घर, सगळ्यांना नियम एकच.

"सगळ्यांले नको लावू," भूमिका म्हणाली. "आपलं पहिलंच गाव कापूसवाल्यांचं आहे. दारोदार कापसाच्या गंज्या आहेत तिथं."

"तू लय भिऊन राहिली वं."

"निदान एकदा खेळून तर पाह्य."

अश्विननं लाठी पेटवली. लाठी जळाली. तपासणी संपली.

शनिवारी अकराला प्रेमिलाताई आल्या आणि चहाला नको म्हणून थेट खेळायला बसल्या. पहिला राक्षस चिखलाचा. त्यांनी आगीची लाठी उचलून हाणली. पंचावन्न गुण गेले. अश्विननं भूमिकाकडे विजयी नजर टाकली. दुसऱ्या फटक्याला बारा गेले. तिसऱ्याला शून्य.

"हा पक्का का होऊन राहिला?" ताईंनी विचारलं.

चिखल भाजला की वीट होते. राक्षस आता भट्टीतून काढल्यासारखा लालबुंद नि टणक उभा होता. तेवढ्यात लाठी मुठीपर्यंत जळत आली, संग्रामनं ती फेकली, आणि ती जाऊन पडली गंजीवर.

"बर्फाची तलवार घ्या, ताई," अश्विन घाईनं म्हणाला.

ताईंनी घेतली. तापलेल्या विटेवर गार घाव बसला, राक्षसाला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि त्याचे तुकडे झाले. अश्विनचा जीव भांड्यात पडला.

"ही तलवार हातातून सुटत नाही," ताई म्हणाल्या.

"मूठ गोठली असंल," भूमिका शांतपणे म्हणाली.

"मग?"

"वितळंल आता. आग येऊनच राहिली तिकडून."

आग सहाव्या घरापर्यंत आली होती. राक्षस मेला की सरपंचानं आभार मानायचे, असं भूमिकानं दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं. त्याप्रमाणे सरपंच आला. त्याचं पागोटं पेटलं होतं. "वीरा, तुझ्यामुळे गाव वाचलं," तो म्हणाला, आणि दुसऱ्यांदा म्हणायच्या आत राख झाला.

ताईंनी संग्रामला तळ्याकडे पळवलं आणि पाण्यात उतरवलं. त्याच्या पाठीवर विजेचा भाला होता. संग्राम आडवा झाला. त्याच्याभोवती मासे एकेक करून वर आले.

ताईंनी हात खेळावरून काढून मांडीवर घेतले.

"गाव जळायला किती वेळ लागला?" ताईंनी विचारलं.

"चार मिनिटं," भूमिका म्हणाली. तिनं मनातल्या मनात हैदराबादची बॅग भरायला घेतली होती.

"माझ्याकडे कापसाच्या गाठी पेटल्या तेव्हा असंच झालं होतं. मी कामगारांना आगीवर व्याख्यानं ठेवते, तर सगळे झोपतात. याच्यापुढे कोणी झोपणार नाही." ताई अश्विनकडे वळल्या. "घेते मी. राक्षस काढा. तलवार, भाला काढा. लाठीच्या जागी आग विझवायचं लाल सिलिंडर द्या, डोक्यावर हेल्मेट. गावाच्या जागी माझी गिरणी."

तीन वर्षं अश्विनच्या डोळ्यांपुढून सिलिंडर घेऊन चालत गेली. भूमिकानं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, तेव्हा तो हो म्हणाला.

"पण ताई, मिशी तरी राहू द्या त्याची."

ताईंनी पडद्यावरच्या मिशीकडे बोट केलं.

"जळते ना ती, तुमच्या नियमानं?"

"जळते," अश्विन म्हणाला.

भूमिकानं ती तिथल्या तिथं काढून टाकली.